बाळाची वाढ कमी आहे असं रिपोर्टवर आलंय? ऑक्सिजन नक्की कुठे अडलाय ते असं शोधा

ग्रोथ स्कॅनच्या रिपोर्टवर खालच्या ओळीत एफजीआर किंवा आययूजीआर (म्हणजे पोटात बाळाची वाढ खुंटणं) असं छापून आलं की घरात ठरलेल्या दोन गोष्टी होतात, नवरा रात्री दोनपर्यंत मोबाईलवर काहीबाही वाचत बसतो आणि घाबरून जातो, आणि सासूबाई म्हणतात पोरगी नीट खात नाही म्हणून बाळ सुकलंय, मग दुसऱ्या दिवसापासून तूप, खारीक-खोबरं, प्रोटीन पावडरचा डबा सगळं सुरू. ओपीडीत हे रोज चालतं म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. सगळ्या रिपोर्टची फाइल शेजारी घेऊन वाचा, म्हणजे कुठला आकडा कशासाठी आहे ते कळेल आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना काय विचारायचं तेही.

त्याआधी एक. बाळाची हालचाल कमी वाटतेय, अंगावरून लाल जातंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत किंवा छातीखाली उजवीकडे दुखतंय, असं काही असेल तर हे वाचत बसू नका, गाडी काढा.

पहिलं काम म्हणजे तारीख

बाळ लहान आहे हे म्हणायला आधी किती आठवड्यांचं आहे ते पक्कं पाहिजे, आणि निम्मा गोंधळ इथेच असतो. फाइलमधला सगळ्यात पहिला सोनोग्राफी रिपोर्ट काढा, शक्यतो 11 ते 14 आठवड्यांमधला किंवा त्याच्या आधीचा. त्यात सीआरएल नावाचं माप असतं, डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, त्यावरून काढलेली तारीख काही दिवसांच्या फरकाने बरोबर असते. पाळीची तारीख नक्की आठवत नसेल, "दिवाळीच्या आसपास आली होती" असं असेल, किंवा पाळीच अनियमित असेल तर हाच स्कॅन खरा धरायचा.

आता गंमत बघा, नंतरच्या प्रत्येक स्कॅनवर मशीन स्वतःची नवी ड्यू डेट छापतं. पाचव्या महिन्यात 10 मार्च होती, आठव्या महिन्यात 24 मार्च झाली, आणि घरचे म्हणतात चला बरं झालं, तारीख पुढे गेली, अजून वेळ आहे. तारीख पुढे जात नसते हो. मशीनला फक्त डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजता येतं, त्या मापाचं बाळ साधारण किती आठवड्यांचं असतं तेवढं ते सांगतं. तारीख पहिल्या स्कॅनने एकदा ठरली की ठरली, आणि नंतर मशीनची तारीख दोन आठवड्यांनी पुढे सरकली तर त्याचा अर्थ बाळ दोन आठवड्यांनी मागे पडलंय. आनंदाची बातमी म्हणून सांगितली जाणारी गोष्ट खरं तर धोक्याची खूण असते, म्हणून हे आधी बघा.

लहान आणि खुंटलेलं वेगळं

तारीख पक्की झाली की सेंटाइल बघा. 10 सेंटाइल म्हणजे त्याच आठवड्यांच्या शंभर बाळांना वजनाप्रमाणे रांगेत उभं केलं तर आपलं बाळ खालून दहावं. 10 च्या खाली असेल तर लहान म्हणायचं, आणि 3 च्या खाली असेल तर डॉपलर (सोनोग्राफीतच नसांमधला रक्तप्रवाह बघायची तपासणी) कसाही असो, वाढ खुंटलीये असंच धरून चालतात. मधल्या बाळांमध्ये बरीचशी नुसतीच अंगाने बारीक असतात, आई दीड मीटर उंच आणि चाळीस किलोची असेल तर बाळ चार किलोचं कसं होणार. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या टीमने नव्वदच्या दशकात जो मोठा अभ्यास केला त्यात पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजनच 2.7 किलोच्या आसपास होतं.

कुठला तक्ता वापरलाय तेही विचारा. बऱ्याच मशीनमध्ये हॅडलॉकचा तक्ता असतो, तो अमेरिकेत ह्यूस्टनच्या बायकांवरून काढलेला आहे. इंटरग्रोथ-21 नावाचा दुसरा तक्ता आठ देशांमधल्या निरोगी आयांवरून केलाय आणि त्यातली भारतातली जागा म्हणजे आपलं नागपूर. एका तक्त्यावर 8 सेंटाइल आलेलं बाळ दुसऱ्यावर 12 येऊ शकतं, म्हणून दर वेळी तोच तक्ता आणि जमलं तर तेच सेंटर ठेवा.

रिपोर्टमध्ये एसी म्हणजे पोटाचा घेर असतो, मला विचाराल तर वजनाच्या आकड्यापेक्षा मी आधी तो बघते. बाळाला कमी मिळायला लागलं की ते लिव्हरमधली साठवलेली साखर वापरतं, लिव्हर बारीक होतं आणि पोटाचा घेर सगळ्यात आधी मागे पडतो, डोकं बराच काळ टिकून असतं. वजनाचा अंदाज तसाही 10-15 टक्क्यांनी इकडे-तिकडे होतो, त्यामुळे चार दिवसांनी परत वजन करून "फक्त 40 ग्रॅम वाढलं" म्हणून रडण्यात अर्थ नाही, वाढ बघायला दोन स्कॅनमध्ये कमीत कमी दोन आठवडे पाहिजेत. डॉपलर मात्र मधे कितीही वेळा करावा लागू शकतो, ते वेगळं काम आहे. दोन स्कॅनचे सेंटाइल शेजारी शेजारी लिहून बघा. 40 वरून 12 वर घसरलेलं बाळ मला सुरुवातीपासून 8 वर टिकून असलेल्या बाळापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, जरी रिपोर्टवर 12 ला नॉर्मल लिहिलेलं असलं तरी.

ऑक्सिजन कमी म्हणजे कुठे कमी?

इथे जरा थांबून वाचा, हा भाग कळला की पुढचं सगळं सोपं आहे.

वार म्हणजे प्लॅसेंटा, पूर्ण दिवसांची असते तेव्हा अर्धा किलोची आणि वीतभर रुंद. तिच्या आत बाळाच्या बाजूने आलेले हजारो बारीक फाटे असतात, त्यांना विलाय म्हणतात, त्या फाट्यांमध्ये केसापेक्षा बारीक अशा बाळाच्या नसा आणि बाहेरून आईचं रक्त त्यांना धुवून जातं. दोन्ही रक्तं मिसळत नाहीत, मधल्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आणि अन्न पलीकडे जातं. शेवटच्या महिन्यांत या सगळ्या बारीक नसा एकापुढे एक जोडल्या तर लांबी काहीशे किलोमीटर भरेल.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. पहिल्या तीन महिन्यांत वारेत ऑक्सिजन कमीच असतो आणि कमीच असायला पाहिजे. आईच्या गर्भाशयातल्या ज्या नसा वारेत रक्त सोडतात, त्यांची तोंडं बाळाच्या पेशींनी सुरुवातीला बुजवून ठेवलेली असतात. आठव्या आठवड्याच्या आसपास आतला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरच्याही आत असतो, मग 10 ते 12 आठवड्यांमध्ये ती बुचं हळूहळू सुटतात, दाब 50 च्या वर जातो. त्या कमी ऑक्सिजनचा फायदा असा की पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रोटीन जागं राहतं, ते व्हीईजीएफ तयार करायला सांगतं आणि व्हीईजीएफमुळे नव्या नसा फुटतात, फांदीला फांदी. पेशीला ऑक्सिजन कमी झालेला कळतो कसा, या शोधाला 2019 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालंय. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत असं फाटे फुटणं चालतं, त्यानंतर पीएलजीएफ नावाच्या दुसऱ्या पदार्थाचं राज्य सुरू होतं, नसा लांब होतात, त्यांचे वेटोळे होऊन पडद्याला चिकटतात आणि पडदा आणखी पातळ होतो. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ भरभर वजन घेतं ते या वेटोळ्यांच्या जिवावर.

म्हणजे ऑक्सिजन कमी झाला की वार आधी नसा वाढवायला बघते. मग वाढ का खुंटते? 1997 मध्ये किंगडम आणि काउफमान या दोघांनी याची फार सुंदर मांडणी केली, त्यांनी विचारलं की ऑक्सिजन अडलाय कुठे, वारेच्या आधी, वारेच्या दारात, की वारेच्या पुढे. आपल्या सोसायटीतलं पाणी बंद झालं तर आपण हेच करतो ना, धरणातच पाणी नाही, की रस्त्यावरची मेन लाइन चोकअप आहे, की टाकी भरलीये पण आपल्याच बिल्डिंगमधले पाइप गेलेत. तिन्हीमध्ये नळ कोरडाच, पण प्लंबरला बोलवायचं की नगरसेवकाला ते वेगळं.

धरणात पाणी नाही म्हणजे आईच्या रक्तातच ऑक्सिजन कमी, ॲनिमिया, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), किंवा लेह, बोलिव्हियातलं ला पाझ असं उंचावर राहणं. ला पाझ 3600 मीटरवर आहे, उंचीबरोबर बाळांचं वजन कमी होत जातं, साधारण दर हजार मीटरला 100 ग्रॅम. इथे वार मात्र जोरात काम करते, जास्त फाटे, जास्त नसा, पातळ पडदा, जमेल तेवढं भरून काढते. म्हणून ॲनिमिया असलेल्या कितीतरी आयांची बाळं चांगल्या वजनाची होतात.

मेन लाइन चोकअप म्हणजे आईच्या गर्भाशयातल्या नसा. त्या नसांच्या भिंतीतला स्नायू सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या पेशी काढून टाकतात, नस रुंद, सैल होते आणि रक्त सावकाश येतं. हे अर्धवट झालं की नस बारीक राहते, रक्त कमी तर येतंच पण वरून जोरात आदळतं, मधेच थांबतं मधेच सुटतं, आणि त्याने विलाय दुखावतात. आईचं बीपी वाढणं, प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे बीपीबरोबर किडनी-लिव्हरसारख्या अवयवांनाही त्रास होणं, ही याच घरातली भावंडं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, आणि यात लोक हमखास फसतात. बाळाच्या बाजूच्या नसाच नीट तयार झालेल्या नसतात, फाटे कमी, नसा सरळसोट, वेटोळे नाहीत. आईचं रक्त बाहेर आहे, त्यात ऑक्सिजन आहे, पण उचलून न्यायला नसाच नाहीत. मग बाहेर ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त साठतो आणि बाळ मात्र उपाशी. आणि बाहेर ऑक्सिजन जास्त आहे म्हटल्यावर नसा वाढवण्याचा तो सिग्नलही मंदावतो. सहाव्या-सातव्या महिन्यात लक्षात येणारी जी गंभीर केस असते ती बऱ्याचदा अशी. अशा आईच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावून काय होणार सांगा, तो तर पलीकडे नुसता पडून आहे!

प्रत्यक्षात एकाच पेशंटमध्ये दोन प्रकार एकत्र असतात, दुसऱ्यातून तिसरा तयार होतानाही दिसतो, तेव्हा अगदी कप्पे करून बसू नका. आणि पाचव्या महिन्यातच बाळ खूप मागे असेल पण डॉपलर सगळा छान असेल तर वारेपेक्षा इन्फेक्शन किंवा गुणसूत्रांचा दोष शोधावा लागतो, तो विषय निराळा.

डॉपलरचा कागद वाचायचा कसा

डॉपलर चार ठिकाणी करतात आणि ती चार ठिकाणं म्हणजे याच रस्त्यावरचे चार थांबे आहेत. प्रत्येक ठिकाणी पीआय नावाचा आकडा असतो, सोप्या भाषेत त्या नसेत पुढे किती अडथळा आहे त्याचं माप.

युटेराइन आर्टरी ही आईची, डावी आणि उजवी. दोन्हींचा सरासरी पीआय 95 सेंटाइलच्या वर असेल किंवा नॉच (आलेखातली खाच) राहिलाय असं लिहिलं असेल तर मेन लाइनमध्ये अडचण आहे. आईचं बीपी आता घरी मोजत राहायचं, आज नॉर्मल असलं तरी.

अंबिलिकल आर्टरी ही नाळेतली, बाळाकडून वारेकडे जाणारी. हिचा ग्राफ बघून घ्या, बहुतेक रिपोर्टला फोटो जोडलेला असतो. एकामागून एक उंच टोकं दिसतील, प्रत्येक टोक म्हणजे बाळाच्या हृदयाचा एक ठोका. दोन टोकांच्या मधली जागा बघायची. तिथे आलेख खालच्या रेषेपासून वर राहिलेला असेल, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे वाहतंय, तर ठीक. वारेतल्या बारीक नसा जितक्या कमी तितका अडथळा जास्त, मग ती मधली जागा खाली खाली येते, एक दिवस रेषेला टेकते, त्याला ॲबसेंट एंड डायस्टॉलिक फ्लो म्हणतात, आणि रेषेच्या खाली गेली तर रिव्हर्स्ड, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे रक्त चक्क उलटं बाळाकडे येतंय. इथपर्यंत गोष्ट येते तेव्हा वारेतल्या नसांच्या जाळ्याचा मोठा भाग कामातून गेलेला असतो.

एमसीए ही बाळाच्या मेंदूची नस. इथे उलटं वाचायचं, पीआय कमी झाला तर वाईट. ऑक्सिजन अपुरा पडला की बाळ बाकीच्या अवयवांचं रक्त कमी करून मेंदूकडे वळवतं, मेंदूच्या नसा रुंद होतात. एमसीएचा पीआय भागिले अंबिलिकलचा पीआय केला की सीपीआर मिळतो, तो 1 च्या खाली आला असेल तर विचारा. आठवा महिना उलटून गेल्यावर जी वाढ खुंटते तिच्यात अंबिलिकल बऱ्याचदा अगदी नॉर्मल असते आणि फक्त हाच आकडा बिघडतो, त्यामुळे नुसतं "नाळेचा डॉपलर नॉर्मल आहे" ऐकून निघून येऊ नका, एमसीए बघितला का हे विचारा.

डक्टस व्हेनोसस ही लिव्हरमधून हृदयाकडे जाणारी शीर, ही सगळ्यांची बघत नाहीत, लवकरच्या गंभीर केसमध्ये बघतात. हिच्या आलेखातली ए वेव्ह नावाची लाट गेली किंवा उलटी झाली म्हणजे बाळाचं हृदय थकलंय, इथे तासांचा हिशोब असतो.

पाणी कमी आहे हेही याच साखळीतलं. गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी, किडनीकडे रक्त कमी गेलं की लघवी कमी. सगळ्यात मोठा कप्पा 2 सेंटीमीटरच्या आत किंवा एएफआय (चारही बाजूंच्या कप्प्यांची बेरीज) 5 च्या आत असेल तर कमी धरतात. पाणी भरपूर प्यायल्याने आकडा थोडा वर येतो, पण त्याने वारेतल्या नसा वाढत नाहीत एवढं लक्षात असू द्या.

मग करायचं काय

धरण रिकामं असेल तर ते भरता येतं, म्हणून आधी तिकडे. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर ॲनिमिया, आणि एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या 52 टक्के गरोदर बायका यात बसतात. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी फुकट मिळते आणि ती चांगली असते, फक्त चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. काळी शी होते, त्याला घाबरू नका. दिवस थोडे उरलेत आणि हिमोग्लोबिन फारच कमी आहे तर शिरेतून लोह देतात. विदर्भ किंवा नंदुरबारकडचं माहेर असेल, घरात कुणाला सिकल सेल असेल तर ती तपासणी झालीये का ते बघा.

आणि मिश्री. हा प्रश्न मी सगळ्यांसमोर विचारत नाही, सासू बाहेर गेल्यावर हळूच विचारते, कारण "तंबाखू खाता का" विचारलं तर उत्तर नाहीच येतं, "दात कशाने घासता" विचारलं की खरं कळतं. मुंबईत झालेल्या, 2004 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी होती. निकोटिनने नसा आवळतात, म्हणजे हा धरणाचा नाही तर मेन लाइनचा घोटाळा, पण बंद करणं आपल्या हातात आहे आणि आज बंद केलं तरी उपयोग होतो. चुलीचा धूर आणि नवऱ्याची सिगारेट हेही त्याच यादीत.

बीपी असेल तर त्याची गोळी नियमित. मोठ्या शहरात एसफ्लट (वारेतून आईच्या रक्तात येणारं एक प्रोटीन) आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर रक्तातून तपासून मिळतं, महाग आहे, प्रीएक्लॅम्पसिया येऊ घातलाय का याचा अंदाज येतो, सगळ्यांना लागत नाही.

तिसऱ्या प्रकाराला औषध नाही. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही म्हणून काहीतरी लिहून दिलं जातं आणि आपणही काहीतरी द्याच म्हणून मागे लागतो. सिल्डेनाफिलचं नाव कुणीतरी सांगेल, नसा रुंद करतं म्हणून, तर 2018 मध्ये नेदरलँड्समधली त्याची ट्रायल मधेच थांबवावी लागली, कारण ते औषध दिलेल्या आयांच्या बाळांमध्ये जन्मल्यावर फुप्फुसांचा त्रास आणि मृत्यू जास्त दिसले. स्वतःहून मागू नका, दिलं असेल तर कशासाठी ते विचारा. आर्जिनिनचे सॅशे सर्रास देतात, पुरावा कमकुवत आहे, घेत असाल तर घ्या पण ते चालू आहे म्हणून स्कॅन चुकवू नका. हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ करणारी, इंजेक्शनं ठरावीक आजारांमध्येच, जसं अँटीफॉस्फोलिपिड, ज्यात रक्ताच्या गुठळ्या होतात. प्रोटीन पावडरने आईचं वजन वाढतं. नीट जेवण हवंच, पालेभाजी, दूध, फळं, डाळ, पण जेवणाने बंद झालेला प्रवाह उघडत नाही, आणि सुनेला "तू खाल्लं नाहीस" असं ऐकवणं तर कृपा करून बंद करा. पूर्ण बेडरेस्टचाही फायदा नाही, उलट पायात गुठळ्या व्हायची भीती. कुशीवर झोपा, उताणं नको, घरात हिंडाफिरायला हरकत नाही.

मग उरतं ते लक्ष ठेवणं आणि योग्य वेळी बाळाला बाहेर काढणं, आणि खरं सांगू का, हेच सगळ्यात मोठं काम आहे.

हालचाल मोजायची सोपी पद्धत: जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडा, टीव्ही-मोबाईल बंद, पोटावर हात. दोन तासांत दहा हालचाली झाल्या की ठीक, बहुतेक वेळा त्याच्या बऱ्याच आधी होतात. लाथ, गिरकी, ढुशी सगळं धरायचं, उचकी नाही. आकड्यापेक्षाही रोजच्या सवयीत फरक पडलाय का ते बघा, रोज रात्री दहाला नाचणारं बाळ आज गप्प आहे तर साखरेचं पाणी पिऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री जाऊन एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, करून घ्या. रात्री जायला लाजतात लोक, डॉक्टर काय म्हणतील म्हणून. काही म्हणत नाहीत, त्यासाठीच बसलेत.

डिलिव्हरी कधी आणि कुठे

ढोबळ हिशोब असा, बाळ 3 ते 10 सेंटाइलमध्ये आणि डॉपलर नॉर्मल तर 38-39 आठवड्यांपर्यंत थांबतात. नाळेतला पीआय वाढलाय पण मधला प्रवाह आहे किंवा वजन 3 च्या खाली आहे, तर 37 च्या सुमाराला. ॲबसेंट असेल तर 32 ते 34, रिव्हर्स्ड असेल तर 30 ते 32, आणि या शेवटच्या दोन्हींमध्ये बहुतेक सीझरच करावं लागतं कारण कळांचा ताण बाळाला झेपत नाही. त्याच्याही आधी बिघडलं तर प्रत्येक दिवसाचं गणित वेगळं, तिथे डक्टस व्हेनोसस आणि कॉम्प्युटरवरचा सीटीजी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) बघून ठरवतात.

आठव्या महिन्याचं मूल जगत नाही, सातव्याचं जगतं, हे आजीचं वाक्य प्रत्येक घरात येतंच. त्याला काडीचाही आधार नाही. 33 आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं 29 वाल्यापेक्षा जास्त तयार असतात, एवढं साधं आहे. या वाक्यापायी लोक "नववा लागू द्या मॅडम" म्हणून सही करायला थांबतात आणि ते थांबणं महागात पडतं.

34 आठवड्यांच्या आत काढायची वेळ आली तर आधी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, डेक्सामिथासोनचे बारा बारा तासांनी चार डोस किंवा बीटामिथासोनचे दोन. बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात, नाही म्हणू नका. 32 च्या आत असेल तर मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियमचं सलाईनही. इथे एक बारीक गोष्ट, स्टिरॉइड दिल्यावर एक-दोन दिवस नाळेतला बंद झालेला प्रवाह परत आलेला दिसू शकतो. घरचे लगेच म्हणतात सुधारलं, घरी जाऊ द्या. तो तात्पुरता असतो, काही दिवसांत परत जातो, तेव्हा डिस्चार्ज मागू नका.

हॉस्पिटल निवडताना खोली एसी आहे का हे नंतर, आधी नवजात बाळांचं आयसीयू आहे का, व्हेंटिलेटर आहे का, एक किलोच्या आतलं बाळ सांभाळतात का, रोजचा खर्च किती हे विचारा. जन्मल्यावर बाळाला काचेच्या पेटीत घालून गाडीने दुसऱ्या गावी नेण्यापेक्षा आईच्या पोटात असतानाच तिथे पोचलेलं कितीतरी बरं. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातलं एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विभाग) किंवा मेडिकल कॉलेज, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारीमध्ये आईचं बाळंतपण आणि आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत, 108 ला फोन केला की गाडी येते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, आशाताईला सांगून ठेवलं तर ती आठवण करते. सोनोग्राफीला जाताना आधार कार्ड न्या, फॉर्म एफ (गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याचा फॉर्म) भरल्याशिवाय कुणी हात लावणार नाही, आणि मुलगा-मुलगी विचारू नका.

बाळ झाल्यावर वार टाकून देऊ नका

हे कुणी सांगत नाही. डिलिव्हरीच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा की वार तपासायला पाठवायचीये. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजीला देतात, तिथे वजन करतात, काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गावाकडे वार पुरायची पद्धत असते, तर घरच्यांशी आधीच बोला, नाहीतर ऐनवेळी वाद होतो. रिपोर्टमध्ये मॅटर्नल व्हॅस्क्युलर मालपरफ्यूजन असं आलं तर मेन लाइनची गडबड होती, फीटल व्हॅस्क्युलर आलं तर बाळाच्या बाजूच्या नसांची. मेन लाइनच्या प्रकारात पुढच्या वेळी परत व्हायची शक्यता धरून चालावं लागतं. अँटीफॉस्फोलिपिडची तपासणीही करून घ्या, पॉझिटिव्ह आली तर 12 आठवड्यांनी परत करतात, दोन्ही वेळा आली तरच धरतात.

पुढचं गरोदरपण राहिलं की हे सगळे कागद घेऊन दोन महिने व्हायच्या आत दाखवायला जा, पाचव्या महिन्यात नको. ॲस्पिरिन लवकरच सुरू करायची असते, 150 मिलिग्रॅम, रात्री झोपताना, 11 ते 14 आठवड्यांमध्ये, उशिरात उशिरा 16 च्या आत, आणि 36 आठवड्यांपर्यंत. 2017 च्या ॲस्प्री नावाच्या ट्रायलमध्ये धोका जास्त असलेल्या बायकांमध्ये 37 आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया याने 62 टक्क्यांनी कमी झाला, नुसत्या वाढ खुंटण्यावर परिणाम त्याहून कमी आहे पण आहे. आईच्या नसांची दुरुस्ती त्याच आठवड्यांमध्ये चालू असते, आठव्या महिन्यात बाळ लहान दिसल्यावर तीच गोळी सुरू करून काही हाती लागत नाही. मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, दमा, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर चालत नाही, आणि तुमच्यासाठी 75 की 150 तेही डॉक्टरच सांगतील.